पोलादातलं बिऱ्हाड

पहाटे ओहोटी असली की थळच्या किनाऱ्यावर पाणी खूप मागे सरतं आणि खांदेरी-उंदेरी हाताशी आल्यासारख्या वाटतात. कोळणी कालवं फोडायला खडकांकडे निघालेल्या असतात. वाटेत चिखलाचा पट्टा आला की पुढची जिथे पाऊल टाकते तिथेच मागची टाकते, तिच्या मागचीही तिथेच. पहिलीचे पाय घोट्याच्या वर रुततात, पाचवी सहज निघून जाते. निवृत्त झाल्यापासून मी रोज या वेळी इथे चालायला येतो आणि ही ओळ दिसली की मला माझं जुनं काम आठवतं. तीसेक वर्षं मी एका प्रयोगशाळेत पोलादाचे तुकडे ओढून तोडत होतो.

किनाऱ्याकडे पाठ केली की माडांच्या शेंड्यांवरून राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्याचे मनोरे दिसतात. 1980च्या दशकाच्या मध्यावर तो सुरू झाला. या कारखान्याचा कच्चा माल म्हणजे मुंबई हायचा वायू, असं लोक सांगतात. ते खरंच आहे, पण अर्धं. दुसरा अर्धा कच्चा माल मी आत्ता चालताना छातीत भरून घेतोय. हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो. आपण तो आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो, कारण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतकं घट्ट धरून असतात की ना आपल्या रक्ताला त्यांचा उपयोग करता येत, ना भाताच्या रोपाला. अमोनियाच्या कारखान्यात ती जोडी फोडतात. त्याला साडेचारशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, वातावरणाच्या शेकडो पट दाब लागतो आणि एक उत्प्रेरक लागतो. हा उत्प्रेरक म्हणजे मुख्यतः लोखंड. लोखंडाच्या पृष्ठभागावर टेकल्यावरच नायट्रोजनची जोडी सुटते. 20व्या शतकाच्या सुरुवातीला हाबर आणि बॉश यांनी ही वाट शोधली आणि जगातली जवळजवळ निम्मी ताटं आज तिच्यावर भरतात.

पण लोखंडाशी नायट्रोजनचं नातं एवढ्यावर संपत नाही. तो पृष्ठभाग ओलांडून आतही शिरतो, तिथे बिऱ्हाड करतो. आणि आत गेल्यावर तो काय करणार, हे त्याला कसलं घर मिळालं यावर अवलंबून असतं. आज सकाळपासून माझ्या डोक्यात हेच घोळतंय.

लोखंडाच्या अणूंची रचना मुख्यतः दोन प्रकारची. साध्या पोलादात, म्हणजे सळई, गर्डर, गाडीचा पत्रा यांत, अणू घनाच्या आठ कोपऱ्यांत आणि एक मधोमध असे बसतात. याला फेराइट म्हणतात. उत्तम स्टेनलेस स्टीलमध्ये, ज्यात क्रोमियमबरोबर निकेलही असतं, अणू कोपऱ्यांत आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर बसतात. ते ऑस्टेनाइट. आता गंमत बघा. फेराइटमध्ये 32 टक्के जागा मोकळी असते आणि ऑस्टेनाइटमध्ये 26 टक्केच. म्हणजे दाटी ऑस्टेनाइटमध्ये जास्त. तरी नायट्रोजनला सुखाने राहता येतं ते ऑस्टेनाइटमध्येच, कारण फेराइटमधली मोकळी जागा बारीकबारीक फटींत वाटली गेलेली असते आणि ऑस्टेनाइटमधली थोड्या पण मोठ्या पोकळ्यांत. कोकणातल्या जुन्या घरात माणसं भरपूर असायची, पण एक माजघर असं असायचं की आला-गेला तिथे पथारी टाकू शकायचा. तसं हे.

फेराइटमध्ये मात्र हाच पाहुणा घर बिघडवतो. 1856 साली बेसेमरने वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करण्याची रीत जाहीर केली आणि पोलाद स्वस्त झालं. पण हवेबरोबर नायट्रोजनही आत गेला. तिथे त्याला धड राहायला जागा नाही, म्हणून तो पोलादातल्या दोषांच्या रेषांभोवती जाऊन बसतो. पोलाद पडून राहिलं की कडक होतं आणि थंडीत, धक्क्यात तडकतं. त्यामुळे साधं पोलाद करणारे आजही नायट्रोजनला दाराबाहेर ठेवायला धडपडतात. दशलक्ष भागांत काही दहा भाग एवढीच मुभा. आमच्याच जिल्ह्यात, धरमतरच्या खाडीकाठी डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे. पेण तालुक्यातल्या त्या कारखान्याच्या धंद्यात जो नको असतो, तोच अलिबाग तालुक्यात थळला मुद्दाम पकडून गोणीत भरला जातो. एकच हवा, मध्ये तासाभराची वाट.

स्टेनलेसची गोष्ट वेगळी, आणि तिचं गणित मला फार आवडतं. 0.14 टक्के नायट्रोजन घातलेलं ऑस्टेनाइटी पोलाद घेतलं, तर अणूंच्या हिशेबात साधारण 180 अणूंमागे एक अणू नायट्रोजनचा. एक टन पोलादात अवघा 1.4 किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे जवळजवळ 21 किलो नायट्रोजन असतो. एका गोणीतला नायट्रोजन 15 टन पोलादाला पुरला असता. भट्टीत अर्थात कुणी युरिया टाकत नाही. क्रोमियमबरोबर बांधलेला नायट्रोजन टाकतात किंवा वितळलेल्या पोलादातून वायूच फुंकतात. इतक्या थोड्या ऐवजाने पोलादाचं वागणं किती बदलतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

ओढचाचणी कधी न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. पोलादातून मध्ये निमुळता, दोन्ही टोकांना जाड असा नमुना कापतात. मधल्या भागावर 50 मिलिमीटर अंतराने दोन खुणा करतात. टोकं यंत्राच्या जबड्यांत धरायची आणि सावकाश ओढत जायचं. सुरुवातीला तो रबरासारखा ताणला जातो; सोडलं तर परत पहिल्यासारखा होतो. मग एक टप्पा येतो, तिथून पुढचं लांबणं कायमचं. साध्या पोलादात हा टप्पा ठसठशीत दिसतो, आलेख एकदम वाकतो. ऑस्टेनाइटी पोलादात तो कुठे आला ते कळतही नाही, आलेख हळूहळू कलतो, म्हणून 0.2 टक्के कायमचं लांबणं जिथे झालं तो ताण मोजण्याचा संकेत आहे. त्यानंतर हा नमुना लांबत राहतो, लांबत राहतो. 50 मिलिमीटरचा 70 होतो, 75 होतो. आणि लांबताना मऊ पडत नाही, उलट पुढच्या ओढीला अधिक जोर मागतो. शेवटी कुठेतरी एका जागी मान बारीक होते आणि मग तुटतो. साध्या सळईचा आवाज कोरडा असतो. हा तुटताना आवाज होतो, पण त्याआधी त्याने इतका वेळ दिलेला असतो की माणूस सावध झालेला असतो.

304 एल नावाच्या पोलादात कार्बन अगदी कमी ठेवतात. त्याच्या बळाची किमान अपेक्षा 170 मेगापास्कल, म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाची तार साधारण 17 किलो वजनापर्यंत कायमची लांबता कामा नये. त्यातच 0.10 ते 0.16 टक्के नायट्रोजन घातला की ते 304 एलएन होतं, आणि अपेक्षा 205 मेगापास्कलवर जाते. त्याच तारेला जवळजवळ 21 किलो. लांबण्याची अपेक्षा मात्र दोघांनाही तीच, किमान 40 टक्के. पोलादाच्या दुनियेत हे सहज घडत नाही. बळ वाढवायचं तर ठोका, थंड लाटा, कार्बन वाढवा. प्रत्येक वेळी पोलाद बळकट होतं आणि ताणायला नकार देऊ लागतं. नायट्रोजन बळ देतो आणि ताणण्याचा गुण बहुतांशी जागेवर ठेवतो. हे कसं, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

धातू ताणला जातो म्हणजे अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. पण अख्खा थर एकाच वेळी सरकत नाही. लग्नाच्या मांडवात अंथरलेली लांबलचक सतरंजी दोन माणसांना ओढता येत नाही. पण एका टोकाला घडी उचलून ती घडी पुढे पुढे ढकलत नेली की सतरंजी हातभर सरकते. अणूंच्या थरातल्या अशा घडीला डिसलोकेशन म्हणतात. नायट्रोजनचा अणू पोकळीत बसला की भोवतालची जाळी थोडी फुगते आणि घडीला तिथून जाताना जोर लागतो. बळ वाढतं ते मुख्यतः यामुळे.

पण खरी किमया पुढे आहे. नायट्रोजनला क्रोमियमची ओढ. ऑस्टेनाइटमध्ये तो क्रोमियमच्या अणूंशेजारी जागा धरतो आणि ठिकठिकाणी चार-सहा अणूंची छोटी, नेटकी मांडणी तयार होते. पहिली घडी त्यातून जाते तेव्हा ती मांडणी मोडावी लागते, म्हणून तिला कष्ट पडतात. मागून येणाऱ्या घड्यांना त्याच थरावर वाट मोकळी मिळते, शेजारच्या थरावर मात्र मांडणी अजून शाबूत असते. मग त्या पहिलीच्या मागोमाग जातात, थर बदलत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली नायट्रोजन असलेल्या आणि नसलेल्या पोलादातला हा फरक लख्ख दिसतो. नसलेल्यात घड्या एका थरावरून दुसऱ्यावर चढतात, एकमेकींत गुंततात, गाठींचे पुंजके करतात. असलेल्यात सरळ समांतर पट्टे. मी ते पट्टे प्रथम पाहिले तेव्हा मला चिखलातून कालवांना निघालेल्या कोळणीच दिसल्या होत्या.

ही शिस्त फार उपयोगी. पोलाद पुन्हापुन्हा ताणलं आणि सोडलं जातं, तापतं आणि निवतं, तेव्हा बरीचशी हालचाल त्याच पट्ट्यांत ये-जा करून भागते आणि भेग पडायला उशीर लागतो. घारापुरीला जाणाऱ्या लाँचमधून किंवा उरणच्या मोरा बंदरावरून पलीकडे तुर्भ्याचे घुमट दिसतात. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रगत जड पाणी अणुभट्टीचा आराखडा केला, तेव्हा मुख्य नळांसाठी 304 एलएन निवडलं आणि त्या नळांवर, त्यांच्या जोडांवर भेगांच्या नि थकव्याच्या चाचण्या केल्या. दुसरा किनारा तमिळनाडूतल्या कल्पाक्कमचा. तिथल्या 500 मेगावॉटच्या जलद प्रजनक अणुभट्टीचं मुख्य पात्र त्याच घराण्यातल्या, मॉलिब्डेनम असलेल्या 316 एलएनचं आहे आणि त्यातला नायट्रोजन 0.06 ते 0.08 टक्के असा बांधलेला आहे. तिथे कार्बन कमी करण्यामागे समुद्राचाही हात आहे. कार्बन जास्त असला की वेल्डिंगच्या कडेने तो क्रोमियमला आपल्याकडे ओढून घेतो, कड उघडी पडते आणि खाऱ्या हवेत तिथे भेग धरते. म्हणून कार्बन काढला. कार्बनबरोबर बळ गेलं. ते बळ नायट्रोजनने भरून दिलं. इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांनी मग 0.07, 0.11, 0.14 आणि 0.22 टक्के अशी चार पोलादं घडवून घेतली आणि वर्षानुवर्षं ती ओढली, भाजली, थकवली. नायट्रोजन वाढेल तसं बळ वाढत गेलं. लांबणं थोडं घटलं. थकव्याला टिकण्याचा गुण मात्र 0.14च्या आसपास शिखरावर गेला आणि पुढे उतरला. चार आकड्यांमागे किती माणसांची उमेदीची वर्षं आहेत, हे ज्यांनी असं काम केलं आहे त्यांनाच कळेल.

त्याच पोलादांचा आणखी एक खेळ आहे. साडेतीनशे ते साडेसहाशे अंशांच्या दरम्यान ओढचाचणी केली तर आलेखाची रेषा गुळगुळीत येत नाही, करवतीच्या दातांसारखी येते. गरम पोलादात लहान अणू, आणि आणखी वर गेल्यावर क्रोमियमसारखे मोठेही, इतके चपळ होतात की घडी क्षणभर थांबली की ते तिला येऊन बिलगतात. घडी जोर करून सुटते, पुन्हा थांबते, पुन्हा धरली जाते. कागदावर ते दात उमटताना यंत्राच्या सुईचा बारीक थरथराट ऐकू यायचा. उलट टोकाला, हेलियमच्या थंडीत, उणे 269 अंशांवर, नायट्रोजनचं बळ सर्वांत जास्त खुलतं. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर या संलयन भट्टीच्या महाकाय चुंबकांच्या आधारासाठी 316 एलएनच घेतलं आहे. त्या थंडीत त्याचं बळ खोलीतल्या बळाच्या तिपटीच्या आसपास जातं आणि तरीही ते काचेसारखं फुटत नाही.

मर्यादाही सांगायलाच हवी. पोलादाला पेलतो त्याहून जास्त नायट्रोजन घातला की तो क्रोमियमबरोबर नायट्राइडचे कण करून वेगळा पडतो, आणि क्रोमियम त्यात अडकला की गंजाला आडवं कोण येणार? वेल्डिंग करताना तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो आणि जोड सच्छिद्र होतो.

आणि निकेलच्या जागी त्याला राबवलं की फसवणूकही होऊ शकते. ऑस्टेनाइटची रचना टिकवायचं काम महागडं निकेल करतं. मँगनीज आणि नायट्रोजन मिळूनही ते करतात. 1950च्या दशकात निकेलची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेत या मार्गाने 201 आणि 202 ही पोलादं आली. भारतात ती घराघरांत आहेत. ती वाईट नाहीत, आपल्या जागी चांगली आहेत. आमच्या गच्चीचा कठडा 304चा म्हणून लावून दिला गेला. ऑस्टेनाइटला चुंबक चिकटत नाही, म्हणून मीही तेव्हा ते लावून पाहिलं, चिकटलं नाही. दोन पावसाळ्यांत त्यावर चहाच्या रंगाचे ठिपके आले. तुकडा कापून तपासला तर निकेल नावाला, क्रोमियम कमी, मँगनीज भरपूर आणि नायट्रोजनही भरपूर. चुंबक खोटं बोललं नव्हतं. ते फक्त रचना ऑस्टेनाइटची आहे एवढंच सांगत होतं. ती निकेलने धरली की नायट्रोजनने, हे चुंबकाला विचारून उपयोग नाही. आणि खरं स्टेनलेस असूनही आपली स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, कारण ती फेराइटी.

परवा एका होडीच्या पंख्याचा नवा शाफ्ट वाळूवर पडला होता. नाखव्याने खिशातून चुंबक काढून लावलं आणि मला म्हणाला, "लागत नाय बघा. मंजे माल बेस ना?"

म्हटलं, "नाखवा, चुंबक ठेवा खिशात. बिलावर 316 लिहून घ्या आणि तपासणीचा कागद मागा."

त्यात मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या पाण्यात लागतंच. समुद्राच्या पाण्यात पोलाद किती तग धरेल याचा एक ढोबळ अंदाज बांधतात: क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमची 3.3 पट, अधिक नायट्रोजनची 16 पट. नायट्रोजनचा गुणक इतका मोठा का, याचं एक उत्तर मला थळच्या या वाळूवर उभं राहून आठवायला फार आवडतं. मिठाचं पाणी पोलादावर सुईच्या टोकाएवढा खड्डा पाडतं. खड्ड्यात पाणी कोंडतं, आम्ल होतं आणि आम्लाने खड्डा खोल होत जातो. पण त्या विरघळणाऱ्या पोलादात नायट्रोजनचे अणू असले तर तेही सुटतात, आम्लातले हायड्रोजन आयन उचलतात आणि त्यांचा अमोनियम होतो. आम्लाची धार कमी होते. क्रोमियमला आपला पातळ पडदा पुन्हा विणायला वेळ मिळतो. मनोऱ्यांमागे जे एवढ्या दाबाखाली, एवढ्या उष्णतेत घडवावं लागतं त्याचंच भावंड इथे एका होडीच्या शाफ्टवर, दिसणारही नाही अशा खड्ड्यात, थंड खाऱ्या पाण्यात आपोआप होतं.

ऊन वर आलं. कोळणी अजून खडकांवर वाकलेल्या आहेत, त्यांच्या कोयत्यांचा टकटक आवाज येतोय. भरती लागायच्या आत त्या परततील, पहाटेच्याच पावलांवरून.

घरी आलो की चहाची पूड काढायला आईचा डबा उघडतो. जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून घेतलेला, झाकणावर आईचं नाव ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं. त्याच्या बुडाला चुंबक लावलं तर गळून पडतं. मधल्या अंगालाही धरत नाही. पण वरच्या काठाशी, जिथे पत्रा साच्यात सर्वांत जास्त ओढला गेला, तिथे ते हलकेच चिकटतं. इतका ताण आला की 304सारख्या पोलादात थोडा ऑस्टेनाइट आपली रचना बदलतो आणि चुंबकाला ओळख देऊ लागतो. प्रयोगशाळेत तुटलेल्या नमुन्याच्या मानेशीही असंच व्हायचं. आत पुरेसा नायट्रोजन असला तर तेवढ्या ओढीतही रचना सहसा हलत नाही, आणि मानेशीसुद्धा चुंबक घसरून जातं. या डब्यात तो फारसा नसावा. काठावर चुंबक टेकलेलं आहे. बोटाने जरा ढकललं की सुटेल, एवढंच धरून.